दादाचे उसने

हिंगणघाट कापसाचं गाव. बाबा इथल्या एका जिनिंगमध्ये मुनीम आहेत. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागतो, उन्हाळ्यात मशिनी थंडावतात आणि बाबांचा पगार अर्ध्यावर येतो. मग ताटात भाजीऐवजी मुंगवड्या येतात. आंघोळीचं पाणी वाळलेल्या पऱ्हाटीवर तापतं, म्हणून सिलिंडर दोन महिने जातो. जुन्या चादरीच्या उशीच्या खोळी होतात, खोळींची फडकी. लहानपणी याला काटकसर म्हणतात हे माहीतच नव्हतं. सगळ्यांची घरं अशीच चालतात असं वाटायचं.

2020 मध्ये मी इंजिनिअर झालो. कॅम्पसमधून नोकरी मिळाली होती, पण लॉकडाऊनमुळे जॉइनिंग आठ महिने लांबलं. घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही, थोडी शिल्लक. त्या जोरावर मी थांबू शकलो. माझ्या बॅचचा एक मित्र थांबू शकला नाही. तो मामाच्या किराणा दुकानात बसला, अजून तिथेच आहे. मार्क त्याला माझ्यापेक्षा जास्त होते.

आता पाळी धाकट्या बहिणीची. ती तीन वर्षांपासून सरकारी परीक्षा देतेय. 2023 च्या तलाठी भरतीत जाहिरातीतल्या जागा 4,644 आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला 1,000 रुपये, राखीव गटाला 900. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,020 रुपये होता. म्हणजे एका फॉर्मला साधारण 14 किलो कापूस. वर अभ्यासिका, टेस्ट सिरीज, प्रवास. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून परीक्षेला तिच्यासोबत बाबांऐवजी आई जाते.

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले. शाळेची सहल तिथे गेली की परतल्यावर साध्या राहणीवर निबंध लिहावा लागे. पण ती राहणी त्यांनी स्वतः निवडलेली होती. आमच्या घरातली काटकसर कुणालातरी नोकरी शोधायला वेळ मिळावा म्हणून असते. आणि ज्याच्यासाठी ती चालते, त्याला ती रोज ताटात दिसते.

बहीण दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत नाही. चष्म्याची काडी फेविक्विकने चिकटवलेली. मी पैसे पाठवले की वहीत लिहिते, ‘दादाचे उसने’. शेजारच्या काकूंनी "पोरगी काय करते सध्या?" विचारलं की आत निघून जाते.

गेल्या दिवाळीत ती वही आईच्या हाती लागली. आई तिला म्हणाली, "दादाच्या वेळेस कोणी मांडलं होतं काय हे? मंग तूच काहून मांडून राहिली?"

त्या रात्री आम्ही चौघं हिशेबाला बसलो. बाबांनी दोन वर्षांचा तिचा खर्च घरखर्चात, किराणा आणि विजेच्या ओळीखाली मांडला. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आहे, त्यामुळे थांबायचं कधी हे ठरवण्यात नियमांचा उपयोग नाही. ते तिनेच ठरवलं: सत्ताविसावं संपेपर्यंत. आणि सकाळी एका सीएकडे जीएसटीचं काम सुरू केलं.

निकाल अजून काही नाही. चष्मा मात्र नवीन आला. तो वहीत लिहिलेला नाही.