राजपुत्राचं वजन

पुणे,
फेब्रुवारी 2026

चि. सई,


परवा तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. रूममेटच्या जुन्या एक्सबॉक्सवर तू ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’ खेळलीस आणि तुला तो आवडला. मग तुझ्या बाबाने, म्हणजे माझ्या दादाने, पाठवलेला जुन्या डॉसवरच्या खेळाचा व्हिडिओ पाहिलास आणि विचारलंस, “आत्या, नव्या खेळात तेच तळघर आहे, तेच काटे आहेत, वर रंग आणि उजेड किती सुंदर; मग तू आणि बाबा अजून त्या ठिपक्याठिपक्यांच्या माणसालाच का धरून बसलाय? त्याला तर चेहरासुद्धा नाही.”

चेहरा नाही हे खरं. पण त्याला वजन आहे, आणि ते कुठून आलं हे तुला माहीत असायला हवं. तू ॲनिमेशन शिकतेस म्हणून तर जास्तच.

आधी रिमेकबद्दल, म्हणजे तू खेळलीस त्या ‘क्लासिक’बद्दल बोलते. तो 2007 साली आला. आपल्या अनयच्या एक्सबॉक्स 360वर मी तो पूर्ण खेळले आहे, आणि मनापासून खेळले आहे. लहानपणी दादा आणि मी मामाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मूळ खेळ खेळायचो; तिथला मॉनिटर एकरंगी होता, त्यामुळे तळघराच्या भिंती कशा रंगाच्या असतील हे आम्ही नुसतं कल्पनेने ठरवलेलं. रिमेकमध्ये मशालींचा पिवळा उजेड दगडांवर हलताना दिसला तेव्हा मी खेळ थांबवून बघत बसले होते. खोल्यांची मांडणीही करणाऱ्यांनी इमानाने जपली आहे. कुठली फरशी पायाखाली डुगडुगते, कुठल्या दारामागे पहारेकरी आहे, हे माझ्या बोटांना आधीच ठाऊक होतं. त्या लोकांचं मूळ खेळावर प्रेम होतं यात मला शंका नाही.

बदलला तो माणूस. नव्या राजपुत्राला जास्तीच्या कसरती येतात. तो चटकन वळतो, सांगितलेलं लगेच ऐकतो. जुना लगेच ऐकत नाही. पळता पळता उलट दिशेचं बटण दाबलंस तर तो आधी घसरतो, तोल सावरतो आणि मग वळतो. उडी मारायची तर आधी अंग आवळतो. कड्याला लोंबकळला की त्याच्या खांद्यांना ओढ बसलेली दिसते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हा राजपुत्र मंद वाटतो, आणि तो शंभरदा खड्ड्यात पडतो. मग हळूहळू खेळणाराच त्याच्या अंगाने विचार करायला लागतो. या टोकाला पोचायच्या किती आधी उडी सांगायची, थांबायचं तर कुठून थांबायला लागायचं, हे कळायला लागतं. मी नंतर बरेच खेळ खेळले, पण कुणाचं शरीर इतकं अंगात भिनल्याचं मला आठवत नाही.

त्याचं कारण असं, की ते शरीर खरं होतं.

हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने केला. येल विद्यापीठात शिकत असतानाच 1984 साली त्याचा ‘कराटेका’ हा खेळ बाजारात आला आणि गाजला. पुढच्याच वर्षी त्याने नव्या खेळाची तयारी सुरू केली. त्याला हवा होता हाडामांसाचा वाटणारा माणूस, आणि त्याला स्वतःला तितकं चांगलं चित्र काढता येत नव्हतं. त्याने काय केलं? आपल्या शाळकरी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले, एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत नेलं आणि पळायला सांगितलं. पळ, वळ, उडी मार, लोंबकळ, वर चढ. हे सगळं त्याने व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं.

पुढचं काम तू तुझ्या टॅब्लेटवर एका दुपारी करशील. त्याला मात्र कॅसेट टीव्हीवर लावून एकेक चित्र थांबवायचं, पडद्याचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, रोल धुवून आणायचा, फोटोंवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या व्हाइटनरने अंगाची कड ठळक करायची, त्यांची झेरॉक्स काढायची आणि मग ती कॉम्प्युटरात घ्यायची, असा सगळा खटाटोप करावा लागला. तलवारबाजीसाठी भाऊ उपयोगाचा नव्हता, दोघांनाही तलवार येत नव्हती. तेव्हा त्याने 1938च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधल्या एरल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातली, दोघं कॅमेऱ्याला आडवे दिसतात अशी काही क्षणांची लढत शोधली आणि तिच्यावरून हालचाली उतरवून घेतल्या.

याला रोटोस्कोपिंग म्हणतात हे तुला मी सांगायला नको. पण ते शोधून काढणाऱ्या आणि 1915 साली पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या मॅक्स फ्लायशरने विदूषकाच्या वेषात कॅमेऱ्यासमोर कुणाला उभं केलं, हे तुमच्या वर्गात सांगितलं का? त्याच्या भावाला. कोको द क्लाउन म्हणजे डेव्ह फ्लायशर. सत्तर वर्षांनी मेकनरनेही तेच केलं, आणि त्याच्याही भावाचं नाव डेव्हिड! हे वाचलं तेव्हा मी दादाला रात्री उशिरा फोन करून उठवलं होतं.

खेळाचं संगीतही घरातलंच आहे. ते वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी रचलं. ते व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ.

आता आमचं सांगते. सांगलीत मामाचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत यायचं, मॉनिटरवरचं कापड घडी करून ठेवायचं. संध्याकाळची बॅच सुटली की मामा आम्हाला एका मशीनवर बसू द्यायचा. फ्लॉपीवर ‘डेंजरस डेव्ह’ होता, ‘पॅकमॅन’ होता, आणि हा होता. कीबोर्ड एक आणि आम्ही दोघं, म्हणून वाटणी ठरली. बाणांची बटणं दादाकडे, शिफ्ट माझ्याकडे. शिफ्ट दाबून धरली तर राजपुत्र जपून पाऊल टाकायचा आणि पडता पडता कडा पकडायचा. म्हणजे पळवायचं दादाने आणि पडू द्यायचं नाही मी. दादा उडी घ्यायच्या आधी तोंडाने काही बोलायचा नाही, नुसता श्वास आत घ्यायचा, आणि मला कळायचं. माझी शिफ्ट चुकली तर राजपुत्र खाली काट्यांवर, आणि दादाची उडी लवकर झाली तर माझ्या शिफ्टला पकडायला कडाच नाही.

राजकन्येला वाचवायला खेळात सगळा मिळून एक तास असतो. पडलं तर त्या पातळीच्या सुरुवातीपासून पुन्हा, आणि घड्याळ मात्र मागे येत नाही. उरलेली मिनिटं मधून मधून पडद्यावर यायची तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही. वीज गेली तर तो तासही गेला.

आता रिमेक आठव. त्यातला कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा, तो एकट्याचा असतो. मी अनयला म्हटलं, तू पळव, मी पकडते. त्याला मी काय म्हणते तेच कळेना. मग आम्ही पाळीपाळीने खेळलो. मजा आली, पण तो वेगळा खेळ होता. यात रिमेक करणाऱ्यांचा दोष नाही. डेव्हिडचं वजन काढून राजपुत्राला चपळ केलं तेव्हा त्याला सांभाळायला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही, एवढं मात्र मला दिसलं.

सावलीची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. मेकनरने खेळ ॲपल टू या कॉम्प्युटरवर लिहिला. त्याला जी मेमरी मिळाली ती 128 किलोबाइट. तू मला पाठवतेस त्या एका फोटोला याहून कितीतरी पट जागा लागते. भावाच्या हालचालींची चित्रंच इतकी होती, की दुसऱ्या माणसाच्या चित्रांना जागा उरेना. म्हणजे खेळात शत्रूच नाही! नुसते सापळे आणि एकटा राजपुत्र. टोमी पियर्स नावाची त्याची मैत्रीण सारखी मागे लागली होती की लढाई हवी, लढाईशिवाय यात जीव नाही. जागा नाही, हे त्याचं उत्तर ठरलेलं. शेवटी असं सुचलं की राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून त्यांच्या मूळ प्रतीशी गणिताने मिसळली, तर पडद्यावर एक थरथरती, अर्धवट दिसणारी आकृती तयार होते. वेगळी चित्रं नकोत, वेगळी जागा नको. असा जन्मला शॅडोमॅन. पुढे त्याने कुठून कुठून जागा वाचवून पहारेकरीही बसवले, पण खेळाचा आत्मा या सावलीत आहे.

चौथ्या पातळीत एक आरसा वाट अडवतो. पळत येऊन त्यात उडी मारावी लागते. राजपुत्र आरपार जातो आणि त्याच क्षणी आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याची सावली निघून पळून जाते. पुढच्या पातळीत ती त्याच्याआधी येऊन औषधाची कुपी पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या पातळीत त्याच्या तोंडावर दार लावून घेते. आम्हाला तिचा इतका राग यायचा! ती मेमरी कमी पडली म्हणून जन्माला आली हे कळलं तेव्हा मी मोठी झाले होते, नोकरी करत होते. ते कळल्यावर सावली मला आणखीच आवडली. हातात जे थोडं होतं त्यातूनच नायकाचा शत्रू निघाला, आणि तो नायकच निघाला. भरपूर जागा असती तर एखादा काळा दाढीवाला सरदार उभा राहिला असता आणि आपण त्याला विसरलो असतो.

खेळ 1989च्या ऑक्टोबरात ब्रॉडरबंड या कंपनीने बाजारात आणला, तेव्हा ॲपल टूचे दिवस सरत आले होते आणि विक्री रडतखडत चालली. 1990ची डॉसवरची आवृत्ती आली आणि तो जगभर गेला, तसा सांगलीलाही पोचला. मूळ प्रोग्रॅम मात्र हरवल्यात जमा होता. 2012 साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचं एक खोकं सापडलं, त्यात तो होता. इतक्या वर्षांनी त्या फ्लॉप्या वाचता येतील का ही भीती होती, पण जाणकारांनी जुनी यंत्रं जमवून त्या वाचल्या, आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला. संगीत देणाऱ्या बापानेच शेवटी खेळही सांभाळून ठेवलेला निघाला.

एक गोष्ट आपल्या पुण्याची. 2003 साली युबीसॉफ्टच्या माँट्रियलच्या स्टुडिओने मेकनरला सोबत घेऊन ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. त्यात राजपुत्राकडे काळ मागे नेणारा खंजीर असतो. पडलं की वेळ उलटी फिरवायची. त्या खेळाच्या रिमेकची घोषणा सप्टेंबर 2020मध्ये झाली आणि काम होतं युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. मला केवढा आनंद झाला होता! आमच्या लहानपणीच्या राजपुत्राचा नवा अवतार पुण्यात घडणार. पण काही मिनिटांचा ट्रेलर आला आणि चेहरे, प्रकाशयोजना यांवर जगभरातून टीकेची झोड उठली. तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली. 2022च्या मे महिन्यात काम माँट्रियलला हलवलं, आणि गेल्या महिन्यात तो रिमेक रद्दच झाल्याचं जाहीर झालं. ट्रेलर मलाही कच्चा वाटला होता, ते लपवत नाही. पण इथल्या पोरांनी काय घडवलं होतं ते आता कुणालाच खेळून बघता येणार नाही, याची मला हळहळ वाटते. जुनी गोष्ट पुन्हा घडवायला बसणं फार अवघड काम आहे गं. प्रत्येकाच्या मनात मूळ खेळाचं काहीतरी वेगळंच राहिलेलं असतं. माझ्या मनात शिफ्टचं बटण राहिलं, हे कुठल्या स्टुडिओला कळणार?

तुझा चालण्या-पळण्याचा प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात आहे म्हणालीस. तयार मोशन कॅप्चरच्या फायली घेऊ नकोस. कुणाला तरी मैदानात पळवून स्वतः टीप, आणि पाय टेकताना गुडघा किती वाकतो ते बघ.

आणि जुना खेळ इंटरनेट अर्काइव्हवर ब्राउझरमध्येच चालतो. रूममेटला शेजारी बसव, बाण तिच्याकडे दे आणि शिफ्ट तू घे. पहिले दोन-तीन दिवस वैतागाल. बाराव्या पातळीत सावली तलवार उपसून समोर उभी राहील. तिला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो, एवढंच सांगते. दादाने तिथे कितीतरी संध्याकाळी तलवार चालवली आणि दर वेळी मेला. मग एके दिवशी मी त्याला बाजूला सरकवून सगळा कीबोर्ड माझ्याकडे घेतला. मी काय केलं ते तुझं तू शोध. अडलीस तर मला फोन कर, बाबाला विचारू नकोस. तो लगेच सांगून टाकेल.

तुझी,
आत्या