नातवाबरोबर पाहिलेले लंडन

मुलगा-सून सकाळी कामावर गेली, की परक्या देशातले घर खायला उठते. दोन महिन्यांसाठी लंडनला गेलेल्या बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचा पहिला आठवडा असाच गेला. त्यातच दहा वर्षांच्या नातवाचे मराठी ‘हो’ आणि ‘नको’ यापुढे जात नव्हते. जुलैअखेर त्याच्या शाळेला सुट्टी लागली आणि तिघे बाहेर पडले.

पहिला मान टॉवर ऑफ लंडनचा. विल्यम राजाने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला हा किल्ला. इथे निदान 6 डोमकावळे राहिलेच पाहिजेत, नाहीतर राज्य बुडेल, अशी समजूत आहे. नातू तिथेच रमला. आजींना मात्र कोहिनूर बघायचा होता. 1849 मध्ये पंजाब खालसा करताना इंग्रजांनी तो दुलीपसिंगाकडून घेतला, तेव्हा तोही दहाच वर्षांचा होता, असे आजोबांनी सांगितले.

‘‘मग तो ‘देणार नाही’ असं का नाही म्हणाला?’’ नातवाने विचारले. इतके लांब मराठी वाक्य तो प्रथमच बोलला होता!

‘‘त्याच्या आईला आधीच दूर नेऊन ठेवलं होतं रे,’’ आजोबा म्हणाले. नातवाने आजीचा हात धरला.

मग आजोबांनी आपली यादी काढली. किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात 1921-22 मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतले आणि तिथे स्मारक झाले. हायगेटमधील 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू हे श्यामजी कृष्ण वर्मांचे 1905 चे इंडिया हाऊस. सावरकर इथेच राहत. आता ते खासगी घर असल्याने बाहेरूनच सावरकरांच्या नावाची पाटी पाहावी लागते. तेवढ्यासाठी एवढी चढण कशाला, असे आजींना वाटले, तेही खोटे नाही.

टॉवरचे तिकीट महाग आहे, पण ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रवेश मोफत असतो. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड जवळ हवेच. अकरा वर्षांखालील मुलांना बसचे भाडे पडत नाही. दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, गुडघ्यांचा विचार करावा आणि डबा घरूनच न्यावा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणहून नेलेला. गोऱ्या शिपायावर झेपावलेला तो वाघ बघायला नातवाने आजोबांना तीनदा नेले.