बाहेरची कडी

घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या पाच जणांत मोटरसायकल फक्त माझ्याकडे होती आणि अहिराणीही मलाच नीट यायची. जळगावला जनसंवादाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र चाललं होतं आणि परीक्षेसाठी पंधरा मिनिटांची फिल्म करून द्यायची होती.

त्या दिवसांत पोरांच्या तोंडी 'पिस्तुल्या' होती. नागराज मंजुळेंनी ती विद्यार्थी असताना नगरला केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगायचो. शिवाय मालेगाव आमच्या शेजारचं. धुळ्याहून तासाभराचा रस्ता. तिथं यंत्रमागाच्या खडखडाटात शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला होता. सायकलला कॅमेरा बांधून, बैलगाडीची क्रेन करून तिथली माणसं शूटिंग करतात, हे आम्ही फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव'मध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आपलं काय अडलंय, असं वाटायचं.

कथा मी लिहिली होती. नवी सून जुन्या घरात येते. रात्री बंद खोलीतून कडी वाजल्याचा आवाज येतो. सासू म्हणते, तिथं कुणी नाही. शेवटी कळतं, खोलीत सूनच आहे आणि तिचं लग्न होऊन कैक वर्षं झालीत. दिग्दर्शक खूश झाला. 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' हा शब्द त्याला फार आवडायचा. त्यानं मला यादी दिली: लाकडी जिना, जाड भिंती, कमी उजेड, आणि बाहेरून कडी असलेली खोली.

आमच्या सरांनी एक गोष्ट शिकवली होती. घर आधी कानानं पाहायचं. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळी घुमली तर संवाद खराब होणार. मग गप्प बसून ऐकायचं: जवळ पिठाची गिरणी आहे का, विहिरीवरची मोटार कधी सुरू होते, ट्रॅक्टर किती वाजता परततात. मीटर किती भार सोसेल, ते विचारायचं. उजेड सकाळी कुठून येतो, दुपारी कुठून. आणि सगळ्यात शेवटी, घरच्या बाईला विचारायचं, कारण परवानगी पुरुष देतो पण घर तिचं असतं.

पहिलं घर यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. सागाचे खांब असे, की दोन माणसांनी कवेत घ्यावेत. मालक दारातच म्हणाले, "काय पाह्यजे भो?" सांगितलं तर हरखून आत घेऊन गेले. आम्हाला अंधार हवा होता आणि त्यांनी गेल्याच दिवाळीला घरभर ट्यूबलाइटी लावल्या होत्या. खांबांना गुलाबी ऑइलपेंट. शूटिंग म्हणजे घर चकचकीत दिसायला हवं, म्हणून जिनाही रंगवून देतो म्हणाले. चहा पिऊन निघालो.

दुसरा वाडा जुन्या धुळ्यात, पांझरेच्या बाजूला. हा आमच्या मनातला होता. जिना, कडीपाट, भिंतीतल्या देवळ्या, सगळं. पण मालकांच्या सात वाटण्या. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, कुणी सुरतेला. किल्ली सांभाळणारा म्हातारा म्हणाला, "सही कोनी कोनी लेशात?" वर हेही सांगितलं, की खांबांचा सौदा झालाय, फर्निचरवाला व्यापारी महिन्याभरात येईल. आम्ही ज्याला लोकेशन म्हणत होतो, ते घनफुटावर विकलं गेलं होतं.

तिसरं घर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या गावात. धाब्याचं घर. मातीच्या भिंती दोन हात जाड, वर लाकडी पाटाईवर मातीचं धाबं. मी टाळी वाजवली. आवाज भिंतीनं गिळून टाकला. ध्वनीसाठी याच्यासारखं घर नाही. बाहेर ऊन तापलेलं आणि आत रांजणातल्यासारखा गारवा.

घरात एक म्हातारी एकटी राहत होती.

"कोठून उनात रे भाऊ?"

"जळगावहून, आजी. पिच्चर काढना शे आमले. भ्या वाटी असा."

ती हसली. "भ्या लागाले पिच्चर कसाले जोयजे? रातले आठे एकटा र्‍हाय ना."

मग तिनं घर दाखवलं. पोरगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायला माणूस मिळत नाही, म्हणून तीन ठिकाणी गळतं. तिथं तिथं पातेली ठेवते. रात्री पातेल्यात थेंब पडायला लागले, की कुणीतरी चालतंय असं वाटतं. दाराच्या आतल्या बाजूला एक मुसळ टेकवून ठेवलेलं होतं. "दार मझारथून लावस मी. अन् हाई मुसय आडं टाकस."

मी ते ऐकत उभा राहिलो. दिग्दर्शक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "घर एक नंबर आहे. पण हिची कडी आतून आहे. आपल्याला बाहेरून पाहिजे."

परतताना पारोळ्याजवळ हायवेवर चहाला थांबलो. तो माझ्या मोबाइलमधले घरांचे फोटो चाळत होता. चाळता चाळता चुलतबहिणीच्या हळदीचा फोटो आला. हळदीनं माखलेल्या बाया, आणि मागे एक काळपट दार. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी कोयंडा.

"हे घर कुणाचं?"

"आमचं."

"आणि तू आम्हाला महिनाभर फिरवतोयस?"

मी काहीतरी बोललो. खोलीत कपाशीची पोती असतात, आप्पा हो म्हणणार नाहीत, असं. तो गप्प माझ्याकडे पाहत राहिला. चहा निवला.

त्या खोलीत माझी मोठी माय होती. आप्पांच्या थोरल्या भावाची बायको. मी तिसरीत असताना ती गेली. त्याआधीची सात वर्षं ती त्या दारामागे होती. एकदा ती रात्रीची उठून विहिरीकडे चालू लागली आणि मळ्यातल्या माणसानं धरून आणलं, तेव्हापासून बाहेरून कडी लागली. आधी भगत झाले, मग दर्गा, मग उतारे. एकदा धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं. गोळ्यांनी बरं वाटलं, असं माय सांगते. गोळ्या संपल्या. तेव्हाच कापूस वेचणीला आला होता, पुन्हा कुणी गेलं नाही. तिला नेमकं काय झालंय, हे तिच्यासमोर कुणी मोठ्यानं विचारल्याचं मला आठवत नाही. गावानं एक शब्द ठरवला होता, तोच चालला.

दुपारची भाकर खिडकीतून द्यायचं काम माझं. भूक लागली, की ती आतून दार हलवायची आणि बाहेरची कडी वाजायची. मी अंगणात खेळत असलो तरी मला तो आवाज ओळखू यायचा. माझ्या कथेतला रात्रीचा आवाज तोच होता. मी तो शोधून काढलाय, असं मला लिहिताना खरोखर वाटलं होतं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त 'देवराई' पाहायला दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा सिनेमा. स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण आपल्या घरी घेऊन येते. त्यातही घरचे लोक दमतात, भितात, चुकतात. पण माणूस घरातल्या माणसांत राहतो. मी तो हॉस्टेलच्या खोलीत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला घेऊन गावी गेलो.

आप्पा ओसरीत बसले होते. मी अर्धवटच सांगितलं, त्यांना पूर्ण कळलं. बराच वेळ सुपारी कातरत राहिले. दिग्दर्शक दारापाशी गेला, कोयंड्याला हात लावून म्हणाला, "काका, याची कडी कुठंय? नसली तर आम्ही जुन्या बाजारातून आणू."

"ती गयी त्याच दिनले काढी टाकी मी," आप्पा म्हणाले. "कडी नही लावानी. बाकी काय जोयजे ते करा."

मग जरा थांबून म्हणाले, "तिले आमनं भ्या लागे, आमले तिनं."

माय चुलीपाशी होती. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिनंच खोलीतली पोती बाजूला करून सडा टाकला.

कडी नाही म्हटल्यावर कथा उभीच राहीना. त्या रात्री धाब्यावर पडून आम्ही दोघं भांडलो. त्याचं म्हणणं, कडी दाखवली नाही तर प्रेक्षकाला भीती कशी वाटणार. शेवटी मी म्हणालो, कॅमेरा आत ठेवू. पूर्ण पंधरा मिनिटं आत. तो उठून बसला.

मार्च होता. लग्नसराईला वेळ होता म्हणून फोटोस्टुडिओवाल्यानं कॅमेरा स्वस्तात दिला. हजार वॉटचे दोन हॅलोजन लावल्याबरोबर घराचा फ्यूज उडाला, म्हणून दिवे बंद केले. अंगणात पांढरी चादर आणि थर्माकोलचे पत्रे धरून ऊन दारावर टाकलं. दाराखाली दोन बोटांची फट होती. तिच्यातून उजेडाची पट्टी आत आली. बाहेर कुणी चाललं, की पट्टीत पावलांची सावली पडायची. पायावरून माणूस ओळखता येत होता: हे आप्पा, ही माय, हे शेजारचं पोर. खिडकी खाली, हात एवढी. तिच्यातून भाकर धरलेला हात यायचा आणि जायचा. चेहरा दिसायचा नाही.

मी सात वर्षांचा असताना त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहायचो. आत बसून तिथून पाहायची वेळ पहिल्यांदाच आली.

फिल्मला बेताचे गुण मिळाले. परीक्षक म्हणाले, थ्रिल कमी पडलं. दिग्दर्शक पुढे मुंबईला गेला, आता मालिकांना घरं शोधून देतो. पुढे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. मानसिक आजार झालेल्या माणसाला साखळीनं बांधायला त्यानं बंदी घातली. पेपरात ते वाचताना मी आमच्या कोयंड्याकडे पाहिलं होतं. तो अजून चौकटीतच आहे. आप्पांनी कडी काढली, तो मात्र निघाला नाही, असं ते सांगतात.

फिल्म झाल्यावर मी ती मोबाइलवर घरी आणली होती. मायनं पाहिली नाही. आप्पांनी ओसरीत बसून, मोबाइल हातभर लांब धरून, शेवटपर्यंत पाहिली. संपल्यावर पडदा काळा झाला तरी ते तसेच धरून बसले.

"इतलंच दिखे का रे तिले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि उठून त्या खोलीचं दार, जे एरवी लोटलेलं असायचं, ते भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं. खाली दगड लावला. तो दगड आजही तिथं आहे. झाडताना माय तो उचलते आणि झाडून झालं, की परत तिथंच ठेवते.