आबांचे ऑपरेशन

दिवाळीनंतर आबा आले, तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि खाजेने झोप उडाली होती. आंबेगाव तालुक्यातल्या घोडकाठचा हा शेतकरी. तीन महिन्यांपूर्वी, सत्तरीत प्रथमच, त्यांची साखर वाढली होती. वजनही उतरत होते. मी मधुमेहाच्या गोळ्या देऊन स्वस्थ राहिलो. उतारवयात अचानक आलेला मधुमेह व सोबत घटते वजन ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण असू शकते, हे मला ठाऊक होते. वेळेवर आठवले नाही.

पुण्यात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या डोक्याशी कर्करोगाची गाठ आणि तोच रोग यकृतातही. थोरला मुलगा अहवाल घेऊन आला.

"डॉक्टर, दोन एकर विकतो, पण ऑपरेशन करूनच टाकू. लोक म्हणतील, बापाला तसाच ठेवला."

मी कागदावर चित्र काढले. रोग स्वादुपिंडापुरता असेल आणि मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतील, तर 'व्हिपल' शस्त्रक्रिया खरोखर आयुष्य देऊ शकते. निदानावेळी अशी स्थिती पाचांत जेमतेम एकाची असते. गाठ रक्तवाहिनीला बिलगली असेल, तर आधी केमोथेरपी आणि मग फेरविचार. तेथे मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत अवश्य घ्यावे. परंतु यकृतात रोग पोहोचल्यावर मूळ गाठ काढून आयुष्य सहसा वाढत नाही. हाती उरलेले आठवडे जखम भरण्यात जातात आणि केमो लांबते.

"पर्रीकरांना तर अमेरिकेला नेले होते," तो म्हणाला. खरे होते. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली, सर्वत्र उपचार होऊनही मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी गेले. तेथे पैसा वा दवाखाना कमी पडला नव्हता.

"सर्जनना 'ऑपरेशन होईल का' असे विचारू नका," मी म्हटले. "'ऑपरेशनने आबांना काय मिळेल' असे विचारा. आणि आबांना कोणी विचारले आहे का?"

कोणीच विचारले नव्हते. आबा म्हणाले, "खाज थांबवा. पोटात दुखू देऊ नका."

दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट बसवला. काही दिवसांत खाज थांबली, कावीळ उतरली. केमोचे दोन फेरे त्यांनी घेतले, तिसरा नाकारला. पुढे मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना आवाक्यात राहिली. चैत्रातल्या यात्रेला मुलांनी त्यांना खुर्चीसकट घाटात नेले. बैलगाडे त्यांनी दुपारपर्यंत पाहिले. वैशाखात, घरीच, ते गेले. दोन एकरांत यंदा बटाटा आहे.