फुटाला एक सूत

आमच्या अम्मीचं वय झालं, म्हणून तिच्या खोलीला लागून न्हाणीघर काढलं. वुजूसाठी एक बसकी ओटी, समोर नळ. पतसंस्थेचं कर्ज काढून केलेलं काम. हॉलमध्येही मोठ्या व्हिट्रिफाइड फरशा बसवल्या.

पहिल्याच फजरला अम्मीचा आवाज आला, "अगे, पानी मेरे कमरे में आरा!" ढाळ जाळीकडे नव्हता, दाराकडे होता.

मिस्त्री आला. माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तोंडावर बोलणं अजूनच अवघड. "बाजी, ढाळ दिलाय, वापरात पाणी वळंल," म्हणाला. पाणी काय सवयीनं वळतं? मी बादली ओतली. तो खाली बघत राहिला.

मग मला चैन पडेना. रुपयाचं नाणं घेऊन हॉलभर ठोकत फिरले. भरीव फरशी टणक वाजते, पोकळ फरशी मडक्यासारखी. पोकळ निघेल तिच्यावर खडूनं फुली. अकरा फुल्या झाल्या. (मुलगा म्हणाला, अम्मी, पेपर तपासायलीस का?) त्यानं चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून वर फरशी दाबली होती. मधे नुसती हवा. शिवाय ही फरशी पाणी शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, तिला नुसतं सिमेंटचं पाणी धरत नाही, चिकटवायचा खास मसाला लागतो. तो आणायला मीच नको म्हटलं होतं. गोणीचा भाव ऐकून. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

त्याचे चार हजार माझ्याकडे बाकी होते. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही हदीस मी त्यालाच चौथीत शिकवली होती. त्यानं ती आठवून दिली नाही, एवढी त्याची अदब. पण हाताखालची दोन पोरं दारात उभी होती आणि त्यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांची मजुरी तिथेच दिली. त्याला म्हटलं, "तुझे पैसे न्हाणीघर उकरून पुन्हा केल्यावर. नव्या फरशा आणि मसाला माझ्याकडून."

बीडकरांना ढाळ शिकवायची वेळ यावी, याचं नवल वाटतं. आपली खजाना विहीर १५८२ च्या सुमाराची. तिच्या भुयारी कालव्यांतून पाणी मोटेशिवाय, पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर शेतांपर्यंत पोचतं. मला तर सहा फुटांतच काम होतं. फुटाला एक सूत धरलं तरी पाऊण इंच.

या वेळी तो लेवलची नळी घेऊन आला. आधी दोरी बांधली, दारापासून जाळीपर्यंत दोनदा मोजलं, मग माल टाकला. दोन दिवस कुणाला पाय ठेवू दिला नाही. पैसे घेताना म्हणाला, "हॉलच्या फुल्या पुसू नका बाजी, दिवाळीनंतर बघतो."

अम्मीनं लोटाभर पाणी ओतलं, ओटीवर बसली आणि ते जाळीत जाईपर्यंत बघत राहिली. मग आणखी एक लोटा ओतला.

हॉलमधल्या अकरा फुल्या अजून तशाच आहेत. पाहुणे आले की सतरंजी टाकते.