घाई आणि धांव

धांवणें हा विषय आम्हां वसई-विरारकरांस नवा नाहीं. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली, आणि पुढें येथील कित्येक पिढ्या जिने चढत, फलाट गांठीत धांवत राहिल्या. आम्हीहि अध्यापनाचीं तीस वर्षें याच धांवपळींत काढलीं. मग वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं आणखी बेचाळीस किलोमीटर धांवण्याची हौस कां व्हावी, असा प्रश्न घरीं व महाविद्यालयांत आम्हांस वारंवार विचारण्यांत आला. त्याचें उत्तर धांवून झाल्यावरच सांपडलें.

आमच्या महानगरपालिकेची मॅरेथॉन २०११ सालीं सुरू झाली. पूर्ण शर्यतीचें अंतर ४२.१९५ किलोमीटर, विरारहून रुळांच्या कडेनें तितकें मोजीत गेल्यास सांताक्रूझ येतें. मॅरेथॉनचा विजय अथेन्सला कळवून प्राण सोडणारा दूत आम्हां इंग्रजीच्या अध्यापकांस ब्राउनिंगच्या काव्यामुळें परिचित. परंतु हिरोडोटसच्या इतिहासांत तो मरत नाहीं. मदत मागण्यासाठीं स्पार्टाला जातो, एवढेंच. मरणाची जोड पुढें कित्येक शतकांनीं मिळाली. आम्हांस अधिक जवळचे वाटले ते बेळगांवचे फडेप्पा चौगुले. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहून दोराबजी टाटांनीं १९२० सालीं भारतीय खेळाडूंस अँटवर्पच्या ऑलिंपिकला धाडण्याचें मनावर घेतलें. तेथील मॅरेथॉन आजच्याहून थोडी लांबच होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले. पदक नाहीं, पण शर्यत पुरी झाली, हें आम्हांस पुरेसें वाटलें.

घरच्या विरोधास मात्र सबळ कारण होतें. आमचे वडील छप्पन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. तेहि याच लोकलचे प्रवासी. त्यांस सावकाश चालतांना पाहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जेवणहि ते घड्याळाकडे पाहत उरकीत. तेव्हां हृदयाची तपासणी झाल्याखेरीज बूट घालावयाचे नाहींत, अशी अट सौभाग्यवतींनीं घातली. ती पाळून आठ महिने आम्ही पहांटे केळीच्या बागांमधून धांवलों.

शर्यत डिसेंबरांतील एका रविवारीं झाली. सुरुवातीलाच तरुणांचे थवेच्या थवे आम्हांस मागें टाकून गेले. आम्ही आपली गति सोडली नाहीं. स्नायूंत व यकृतांत सांठलेली शर्करा बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास सरूं लागते, आणि आरंभींच्या घाईची वसुली तेथें व्याजासकट होते. त्या थव्यांतील कांहीं मंडळी तेथें पदपथावर पोटऱ्या चोळीत बसलेलीं दिसलीं. आमचेहि पाय जड झाले होतेच. इतक्यांत पाण्याचा पेला पुढें करून एक वृद्ध बाई म्हणाल्या, “दमानं जा रे बाबा, गाडी नाय चुकत तुझी!”

त्या माउलीनें आमचा प्रश्न सोडविला. आजवर आम्ही जें करीत होतों ती धांव नव्हती, घाई होती. घाई दुसऱ्याच्या घड्याळानें चालते. तिला फक्त पोहोंचावयाचें असतें, आणि पोहोंचल्यावर ती लगेच पुढल्या गाडीच्या मागें लागते. धांवेस आपल्या श्वासाचें माप असतें. घाईंत शरीर हें ओझें होतें; धांवेंत त्याचें म्हणणें पावलोपावलीं ऐकावें लागतें. वडिलांस तें ऐकण्यास उसंतच मिळाली नाहीं. त्यांचा हा दोष नव्हे. घरांतील पांच माणसांचें पोट त्या गाडीवर होतें. त्यांच्या घाईवरच आमचें शिक्षण झालें, आणि आमची ही हौसहि तिच्याच पुण्याईवर उभी आहे.

५ तास ३८ मिनिटांनीं आम्ही शेवटची रेषा ओलांडली. सौभाग्यवतींनीं वेळ विचारली नाहीं; मनगट धरून नाडी तेवढी पाहिली. वडिलांचें वय गांठावयास आम्हांस अजून दोन वर्षें आहेत. तेथवर आणि त्याच्या पुढेंहि असेंच, दमानें जाण्याचा विचार आहे.