कोंबडीची पिसं

आमच्या असोद्यात चिकनच्या दुकानामागे, नाल्यात, पिसांचा ढीग पडलेला असतो. पाऊस पडला की वास थेट ओट्यावर. दुकानदार माझाच विद्यार्थी. परवा त्याला रागावलो तर म्हणाला, "गुरुजी, मंग फेकू कुठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग वाचत बसलो. पीस म्हणजे ९० टक्के केराटिन, आपल्या नखाकेसांतलंच प्रथिन. त्यात नत्र १५ टक्क्यांच्या आसपास. शेणखतात मोठ्या मुश्किलीने अर्धा-एक टक्का! पण गंधकाच्या बंधांनी ते असं घट्ट विणलेलं की लवकर कुजत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाहत्या पाण्यात बुडबुडे फोडून केराटिन तोडायची रीत काढली, त्यातून खत आणि पशुखाद्य होतं, असं २०२१ साली जाहीर झालं. पण ते यंत्राचं काम, आपल्या गल्लीतलं नव्हे.

मी आपलं एक पोतं आणून केळीच्या बांधाला शेणात पुरलं. सौ. दोन दिवस बोलली नाही (आमच्याकडे अंडंही येत नाही). तिसऱ्या रात्री कुत्र्यांनी सगळं उकरलं. आता खड्डा खोल केलाय, वर बाभळीच्या फांद्या. दिवाळीनंतर उघडून बघीन. दुकानदार मात्र रोज विचारतो, "गुरुजी, दुसरं पोतं केव्हा नेता?"